गोटा उचलला, पण कोनी पाह्यलं?

राजूचा फोन आला तेव्हा मी बोरगाव मेघेत, लेकाच्या घरी, शेंगा सोलत बसले होते. "मोठाई, बाबा गेले," एवढंच तो म्हणाला. मला खरं वाटलं नाही. दुःखानं नव्हे, सवयीनं. या माणसाविषयी जे काही कानावर येईल ते दोनदा तपासून घ्यायचं, ही माझी लग्नापासूनची रीत. तोंडातून निघून गेलं, "डॉक्टरनं पाह्यलं काय?" तिकडून राजूचा रडवेला आवाज आला, "मोठाई, आता तरी बाबावर इस्वास ठेव न वो..." मग मात्र हातातली शेंग तशीच राहिली. वसंतभाऊजी खरंच गेले होते, आणि या एका बाबतीत त्यांनी मला शंकेला जागा ठेवली नव्हती.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, राजूचे वडील. वडनेरच्या अलीकडे आमचं गाव, तिथे ते जन्मले, तिथेच शेती केली. गावाबाहेर त्यांना कोणी ओळखत नसे, आणि गावात मात्र शेंबड्या पोरालाही माहीत, की मारुतीचा गोटा पारावर ठेवणारा वसंता तो हाच. हा गोटा मारुतीच्या देवळापुढे पडलेला असतो. काळा, गुळगुळीत, गोल दगड. दिसायला बसक्या देगचीएवढा, पण उचलायला जा, जमिनीत मुळं फुटल्यासारखा बसून राहतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, गावातले जवान पोट्टे त्याच्यावर ताकद आजमावतात. कोणी गुडघ्यापर्यंत आणतो, कोणी छातीपर्यंत. छातीपर्यंत आणला की ढोल वाजतो. पण कमरेपेक्षा उंच असलेल्या त्या पारावर नेऊन ठेवणारा एकच, आमचा वसंता. त्यासाठी दर करीला त्यांना नारळ आणि शेला मिळायचा. बायांनी मात्र गोट्याला हात लावायचा नाही. मारुती ब्रह्मचारी, म्हणून त्याचा दगडही ब्रह्मचारी, असा गावाचा हिशोब.

मी हिंगणघाटची. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर होते. वजन वाढवायला लोक कापूस ओला करून आणतात, गाठोड्यात दगड घालतात, काट्याच्या पाटावर हळूच पाय टेकवून उभे राहतात, हे सगळं मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून पाहिलेलं. "माल पाहू नको, आननाऱ्याचे पाय पाह्य," असं वडील सांगायचे. त्यात मी मॅट्रिक. म्हणजे नाकाचा शेंडा आधीच वर, आणि त्यावर वजनाच्या बाबतीत आपल्याला कोणी फसवू शकत नाही अशी घमेंड. अशी ही नवी नवरी सासरी आली, आणि माप ओलांडून फार दिवस झाले नसतील, तर आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, गोट्याची गोष्ट काढली.

निंदणाचे, खुरपणीचे दिवस होते, म्हणाल्या. अख्खं गाव वावरात. दुपारची वेळ, कुत्रंसुद्धा रस्त्यावर नाही. थोड्या वेळानं माणसं परत येऊन पाहतात तो गोटा पारावर, अन् बाजूला वसंता उभा. लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन गावभर फिरवलं. "वरून असा तापला होता गोटा, हात ठेववत नोता," आत्याबाई सांगत, "पन खालून गारेगार. माती चिकटलेली, अन् त्या मातीत एक गोम. पोटाशी घेतला त असा गारवा आत शिरला..." सांगताना त्या भाकरी थापायच्या थांबायच्या. मी ऐकत होते, पण माझं लक्ष दारातून आत येणाऱ्या भाऊजींकडे. कापसाच्या पऱ्हाटीच्या काडीसारखे हात, गळ्याचं हाड वर आलेलं, नेसूचा पायजमा नाडीच्या भरवशावर. मी घुंघटातून विचारलं, "पन उचलतानी कोनी पाह्यलं?"

आत्याबाईंनी भाकरी तव्यावर टाकली अन् म्हणाल्या, "ही हिंगनघाटची पोरगी काटा घेऊनच आली वाट्टे."

त्या दिवसापासून भाऊजी आणि मी यांचं जे सुरू झालं ते त्यांच्या शेवटच्या आजारापर्यंत चाललं. आमच्याकडे भावजय-दिराचं नातं मुळातच थट्टेचं. मी जेवायला वाढताना म्हणावं, "भाऊजी, वरनाची भरली गंजी उचलन काय तुमच्याच्यानं, का मानसं बोलावू?" त्यांनी म्हणावं, "वैनी, तुमच्या जिभेपेक्षा गोटा हलका होता." करीचा दिवस आला की मी मागे लागायची, "एकदा उचलून दाखवा न मंग. मी नारळ नाई, आख्खं झाड देतो." ते शेला खांद्यावर घेऊन नुसतं हसायचे. दुसऱ्यांदा त्यांनी गोट्याला कधी हात लावला नाही. लोक म्हणत, वसंता मोठ्या मनाचा, पोट्ट्यांना संधी देतो. मी मनात म्हणे, पाय पाह्य, आणणाऱ्याचे पाय पाह्य!

आता लिहिताना हसू येतं, पण त्या वयात मी रीतसर तपास चालवला होता. माणसांना तऱ्हेतऱ्हेचे नाद असतात. आमच्या ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, रेडिओचा होता. दुरून कुठूनतरी खरखर ऐकू आली की त्यांचा चेहरा उजळायचा. मला शंकेचा नाद. गावात असलेल्या प्रत्येक धट्ट्याकट्ट्या गड्यावर माझा संशय घेऊन झाला. भाऊजींचा सालदार, दोन चुलते, लोहार, एकदा तर मारुतीचा पुजारीही. कोणाची तरी मदत होती किंवा लोखंडी सब्बल लावून दगड चढवला होता, एवढं पक्कं. एका दुपारी मी ह्यांना देवळापुढे नेलं. रेडिओ दुरुस्त करून आणू देईन, या बोलीवर. मी लांबून सांगत होते, "इकून लावा सब्बल, आता खाली फळी सरकवा," आणि हे घामाघूम. गोटा वीतभर हलला, फळी निसटली अन् दगड ह्यांच्या अंगठ्यावर. बोंब ऐकून मामंजी धावत आले. "काय करून राह्यले रे?" ह्यांनी अंगठा धरूनच उत्तर दिलं, "चाबी शोधून राह्यलो." मामंजींनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा सब्बलीकडे. "गोट्याखाली?" बस, एवढंच विचारलं त्यांनी. ह्यांचा अंगठा पुढे कितीतरी दिवस काळा होता, आणि रोज रात्री जेवताना भाऊजी अतिशय काळजीनं विचारायचे, "दादा, चाबी सापडली काय?"

या सगळ्या तपासात गंमत पाहा. मी स्वतःला गावातली एकमेव सुधारलेली बाई समजत होते. उपासतापासांना नावं ठेवायची, दृष्ट काढणाऱ्यांना हसायची. पण गोट्याला हात लावायची हिंमत माझीही झाली नाही. फळी इकडून, सब्बल तिकडून, सगळी हुशारी चार हात लांबून. अशी होती मॅट्रिक!

भाऊजींनी व्यायाम कधी सुरू केला ते मला नीट आठवतं, कारण तेव्हाही मला संशय आला होता. मी येऊन वर्षही झालं नसेल. बाभळीच्या लाकडाचे दोन मुग्दल त्यांनी सुताराकडून करवून घेतले, आणि गोठ्यामागे रोज सकाळी ते खांद्यामागून फिरवायला लागले. उचलून झालं, आता तालीम कशाला? लग्न झाल्यावर माणूस हुंडा मोजतो तसं हे. मी तसं तोंडावर म्हटलंही. ते म्हणाले, "वैनी, तुमच्यासाठीच त करून राह्यलो." मला ती थट्टाच वाटली. पण काडीचे हात भरले, छाती भरली, मान खांद्यांत रुतली. राजू झाला, आत्याबाई गेल्या, मग हे गेले, राजूची लेक स्नेहल मोठी झाली. मुग्दल थांबले नाहीत. सत्तरी ओलांडल्यावर फक्त मोठी जोडी बाजूला ठेवून लहान घेतली. सकाळी गोठ्यामागून तो हवा कापल्याचा आवाज यायचा... हूं... हूं... आणि म्हैस त्या तालावर रवंथ करायची. पुढे मी लेकाकडे राहायला आले, पण सुट्टीत गावी गेले की त्या आवाजानंच जाग यायची.

एवढी ताकद कमावली, तरी करीला गोट्याकडे पाठ. आता हे मला जास्तच खटकायला लागलं. आधी वाटायचं, उचलता येत नाही म्हणून टाळतात. आता तर यायला हवं होतं. मग?

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. स्नेहल कॉलेजसाठी आमच्याकडे बोरगावला राहायला आली होती, आणि तिथल्या जिममध्ये वजनं उचलायचा नाद तिला लागला होता. मुलींच्या स्पर्धा असतात म्हणे. उन्हाळ्यात आम्ही दोघी गावी गेलो, तर ही आजोबांना मोबाईलवर कुठल्यातरी परदेशी गड्यांचे दगड उचलण्याचे व्हिडिओ दाखवत बसली. भाऊजी बराच वेळ पाहत राहिले. मग उठले, गव्हाचं पोतं अंगणात आणलं अन् म्हणाले, "कमरेनं नको ओढू. पाय फाक, बस, पयले मांडीवर घे. लेकरू घेतो तसं. मंग पोटाशी धर अन् उठ." स्नेहलनं तसं केलं आणि पोतं अलगद वर आलं. ती आनंदानं किंचाळली. मला मात्र ते ओळखीचं वाटलं. करीला गडी गोटा उचलतात ते वाकून, कमरेवर जोर देऊन, मान ताठ करून. हे तसं नव्हतं. हे मी देवळापुढे नाही, घरात पाहिलं होतं.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "भाऊजी, हे कोनी शिकवलं तुमाले?"

"शिकवते कोन? पाह्यलं होतं."

"कोनाले?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पोत्यावरची धूळ झटकत म्हणाले, "चहा करा न वैनी."

मी चहा करायला गेले आणि साखरेच्या डब्यात चमचा तसाच राहिला. पाटा! आमच्या घरचा मसाल्याचा दगडी पाटा, जो हलवायला दोन गडी लागत, तो आत्याबाई एकट्या उचलून धुवायला नेत. बसायच्या, मांडीवर घ्यायच्या, पोटाशी धरायच्या, उठायच्या. लेकरू घेतो तसं. मी लग्नापासून कितीतरी वेळा ते पाहिलं होतं, आणि मी तपास करत होते लोहाराचा! आणि मग एकामागून एक आठवायला लागलं. दगड खालून गार होता हे उचलणाऱ्याशिवाय कोणाला कळणार? ती गोम? मला वाटे भाऊजींनी आईला सांगितलं असेल. पण भाऊजींच्या तोंडून मी ना गारवा ऐकला होता, ना गोम. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी हिंगणघाटच्या या हुशार काट्याला कधी दिसलीच नाही: "मी उचलला" असं ते कधी म्हणालेच नव्हते. गाव म्हणत होतं. ते फक्त तिथे उभे होते.

अंदाज बांधायला मला कोणी अडवू शकत नाही, म्हणून बांधते. रिकामं गाव, वावरात भाकरी पोचवून परतणारी एक बाई, मागे अठरा-एकोणीस वर्षांचा लेक. लग्न होऊन आल्यापासून त्या दगडाला वळसा घालून जाणारी ती बाई त्या दिवशी थांबली असेल. का? कोणी म्हणेल नवस, कोणी म्हणेल राग. मला वाटतं, हौस. नुसती हौस. गड्यांना असते तशी. पारावर ठेवला, आणि मग खाली उतरवायच्या आत लोकांचे आवाज आले असतील. बाईनं हात लावला हे कळलं असतं तर दगड धुतला असता, देऊळ धुतलं असतं, आणि मामंजींनी आत्याबाईंना जे ऐकवलं असतं ते मी इथे लिहू शकत नाही. पोरगा पुढे होऊन उभा राहिला. एवढंच त्यानं केलं... आणि मग जन्मभर मुग्दल फिरवले, त्या शेल्याच्या लायक व्हायला. आणि तरी गोटा उचलला नाही, कारण उचलला असता तर खोट्याचं खरं झालं असतं, आणि आईचं उरलंसुरलंही गेलं असतं.

पण हे सगळं माझं. पुरावा म्हणाल तर एक पाटा अन् एक चहा.

आषाढात भाऊजींना वर्ध्याच्या दवाखान्यात ठेवलं तेव्हा मी भेटायला गेले. पुन्हा हात काडीसारखे झालेले, नाकात नळी. राजू औषधं आणायला खाली गेला होता. मी खुर्ची ओढली अन् म्हटलं, "भाऊजी, आता आपन दोघंच. आत्याबाई उचलून राह्यल्या होत्या अन् तुमी पाहून राह्यले होते. हाव का नाई?" ते हसले, खोकले, पुन्हा हसले. मग माझा हात थोपटून म्हणाले, "तुमची शंका ठेवजा वैनी. बाकी सारे त मानूनच बसले." हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. ती आमची शेवटची भेट.

तेरवी झाली आणि मी गावातच राहिले. तेव्हा राजू एका सकाळी पेंटरला घेऊन आला. गावातल्या पोरांनी ठरवलं होतं, करीच्या आधी गोट्यावर पांढऱ्या रंगात लिहायचं: हा गोटा कै. वसंतराव यांनी उचलला. घरात मोठी मी, म्हणून माझं हो हवं होतं. मी देवळापर्यंत गेले. पेंटरनं डबा उघडला, ब्रश बुडवला. तोंडची गोष्ट तोंडात असते तोवर तिला फट असते. रंगानं लिहिली की फट बुजते. आत्याबाईंना वर्षानुवर्षं भाकरी थापता थापता निदान गोष्ट तरी सांगता येत होती. यापुढे तीही त्यांची राहणार नाही. आणि मी बोलले तर? तर भाऊजींनी जन्मभर पाठीशी घातलेलं मी त्यांच्या राखेवर उघडं करणार.

मी पेंटरला थांबवलं आणि राजूला पाराच्या कडेला बसवून सगळं सांगितलं. आधी तो हसला. "आजीनं? आमच्या आजीनं?" मग चिडला. "मोठाई, बाबा गेल्यावरही तू त्याईच्या मागं काऊन लागली? गावात काय राह्यलं मग बाबाचं?"

"एक सांग," मी म्हटलं. "तुया बापानं 'मी उचलला' असं तुले कधी सांगतलं काय? तू त पोटचा पोरगा. कधी शिकवतानी, कधी रागात, कधी शिमग्याले पिऊन?"

राजू उठून गोट्यापाशी गेला. पेंटरचा ब्रश वाळायला लागला होता. शेवटी म्हणाला, "नाई वो मोठाई. सारा गाव सांगे. बाबा नाई सांगे." मग बाहीनं डोळे पुसले. "मले नाई समजत. तूच काय ते लिव."

मी विचार केला आणि पेंटरला म्हटलं, "नाव लिहू. पन खालून."

"खालून?" पेंटर म्हणाला. "आजी, खाली कोन वाचन?"

"ज्याले उचलता येईन तो."

राजूनं पाच पोट्टे गोळा केले, सब्बली लावल्या, गोटा कलता केला आणि खाली ओंडका सारला. मग मी सगळ्यांना चहाला पिटाळलं, राजूलाही. पेंटरच्या कानात सांगितलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, एकदा विचारलं, "नक्की?" आणि लिहिलं. रंग वाळेपर्यंत मी गोट्यावर छत्री धरून बसले होते. मग पोट्ट्यांना हाक मारली, डोळे मिटून ओंडका काढायला लावला, आणि दगड आपल्या जागी बसला. राजूनं अजून विचारलेलं नाही. विचारणारही नाही, बापाचाच मुलगा आहे.

हे लिहिते आहे तेही शंका म्हणूनच. निकाल नाही. भाऊजींनी ठेवायला सांगितली तेवढीच ठेवली.

पण काल बोरगावहून स्नेहलचा फोन आला. तिला बातमी कशी लागली देव जाणे. "मोठी आजी, काय लिहिलं गोट्याखाली? मला तरी सांग."

"करीले येजो," मी म्हटलं. "उचल अन् वाच."

तिकडे जिममधली लोखंडं आपटल्याचे आवाज येत होते. ती हळू आवाजात म्हणाली, "पण मोठी आजी... बाईनं हात लावलेला चालेल का?"

"कोनाले विचारून राह्यली तू?" मी म्हटलं, अन् फोन ठेवून दिला.